एकशे नव्वद अँपिअर

तोरिदे, १४ नोव्हेंबर

झेंजी दाजींस,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करावी, असं तोमोएताई नेहमी सांगायची. तर इकडे थंडी पडलीय, आणि चाचणीच्या खोलीत ती बारा महिने असतेच. झालं हवापाणी.

निकालाचा कागद आज सकाळी तुमच्या मालकांकडे, आसाकासाहेबांकडे, रवाना झाला. म्हणून आता लिहिते. त्याआधी लिहिणं नियमात बसत नव्हतं. तार बनवणाऱ्या कारखान्यात माझे दाजी मुकादम आहेत, हे मी पहिल्याच दिवशी आमच्या सुगायासाहेबांना लेखी कळवलं होतं. उगाच नंतर कुणी बोट दाखवायला नको.

दाजी, पहिला तुकडा पास झाला नाही. बारा टेस्लाच्या चुंबकात, द्रव हेलियममध्ये, एकशे नव्वद अँपिअर पेलायला हवे होते. एकशे अडतीसला सुटला. मी दोनदा केलं. दुसऱ्यांदा एकशे एकोणचाळीस.

कागदावर जे नाही ते सांगते. तार कुरकुरली नाही. व्होल्टेजची रेघ सपाट, सपाट, सपाट, आणि एकदम वर गेली. तार ओढायची डाय बदलली होती का? डायमधून शेवटचा पास ओढताना तार कुठे बारीक झाली होती का? आठवून बघा. अजून दोन तुकडे आहेत, पण हेलियमची टंचाई आहे, महिन्याला एकच टाकी मिळते. दुसरा तुकडा डिसेंबरच्या सुरुवातीला लावीन.

ताईला मी एकदा समजावलं होतं, की ही तार अति थंडीत वीज फुकटात नेते, जराही तापत नाही. पण तिची एक हद्द असते, ती ओलांडली की ती साधी तार होऊन जळायला लागते. आणि आमचं काम म्हणजे ती हद्द शोधायची. ताई म्हणाली, "म्हणजे तू दिवसभर दुसऱ्याचा अंत बघत बसतेस." किती हसलो होतो आपण.

मला फार थकवा आलाय. तुम्ही नीट जेवता ना?

हिसाए

•

काझुनो, २० नोव्हेंबर

हिसाए,

काय गं, मेहुणीनं दाजीला नापास करायचं म्हणजे अगदी घरचंच नापास झालं की! मालकांनी कागद वाचून दाखवला. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी स्वतः वाचला. चाळीस वर्षं यंत्राशेजारी उभा राहून कान गेले. डोळे अजून आहेत, म्हणून तुझी ही पत्रं. टेलिफोनवर तू काय बोलतेस ते मला कधीच कळणार नाही.

डाय बदलली नव्हती. तार नेहमीसारखी ओढली. बारीक झालेली नव्हती, मी मोजली होती. तुझी भट्टी तपासलीस का? साडेसहाशे अंशांवर आठ दिवस भाजायचं, त्यात एखाद्या रात्री वीज गेली असेल. आम्ही ओढलेली तार मऊ असते, तुम्ही भाजल्यावर ती काचेसारखी होते. काच कुणी तडकवली, हे आधी घरात बघावं.

आणि एक गोष्ट तू लिहिलीस ती मला पटली नाही. चांगली नसलेली तार कुरकुरते. मी ह्या कारखान्यातून गेलेल्या वाईट तारांच्या शंभर रेघा बघितल्यात, तुझ्याच गुरूंनी पाठवलेल्या. दमलेली तार हळूहळू वर चढते, सांगून जाते. एकदम सुटते ती दचकलेली तार. तिला कुणीतरी हलवलेलं असतं. घट्ट बसवलीस ना?

तुला माहीतच आहे काय टांगणीला लागलंय. हे तिन्ही तुकडे पास झाले तर तीन वर्षांचं काम. नाहीतर मार्चअखेर कारखान्याला कुलूप. आम्ही अकरा माणसं आहोत, आणि सगळ्यात लहान चव्वेचाळीस वर्षांचा. ह्या खोऱ्यात तांब्याची खाण बंद झाली तेव्हा मी बघितलंय काय होतं ते. परत बघायचं नाही.

धुरावर वाळवून मुरवलेला मुळा पाठवतोय. तोमोएच्या हातासारखा नाही झाला, मीठ जास्त पडलं. खा.

झेंजी

•

तोरिदे, ३ डिसेंबर

दाजी,

मुळा मिळाला. खारट आहे. रोज दोन फोडी खाते आणि मग तांब्याभर पाणी पिते.

दुसरा तुकडा काल लावला. भट्टीची नोंद मी ओळ न् ओळ बघितली, वीज गेलेली नाही. गोल नळकांड्यावरच्या खाचेत तार स्वतः बसवली, दोन्ही टोकं स्वतः डाखली, मेणासारखा लेप लावला, तिघांकडून तपासून घेतली. मग आत सोडली. एकशे त्रेचाळीस. पुन्हा तसंच, सपाट आणि एकदम.

तुम्ही म्हणता हलली असेल. दाजी, मी एकोणतीस वर्षं तारा बसवतेय. माझी तार हलत नाही.

चिडून लिहिलं, माफ करा. तीन आठवडे मला नीट झोप नाही. सुगायासाहेब दारातून डोकावतात, "काय, हिसाएसान, पुन्हा काझुनोच?" म्हणतात आणि जातात. मला वाटतं, त्यांनाही वाटतंय की मी नातेवाइकांसाठी वारंवार चाचणी करतेय. एकदाच करायची असते, मी दोनदा-दोनदा करतेय.

निकाल आज गेला. आता एक तुकडा उरलाय. पण दोन नापास झाल्यावर तिसऱ्याला कुणी विचारत नाही, मागितला तरच लावतात.

तुम्हाला राग येईल, पण विचारते. ओढताना खरंच काही झालं नव्हतं? मला सांगा. मी कागदावर काही चढवणार नाही. फक्त मला कळायला हवं.

हिसाए

•

काझुनो, ९ डिसेंबर

हिसाए,

झालं होतं.

दोन वर्षं झाली, माझा उजवा हात कापतो. आधी चहाच्या कपाला कळलं, मग तोमोएला. मी तिला म्हणालो, कुणाला सांगू नकोस, आणि तिनं नाही सांगितलं. माझ्या कपात ती चहा अर्धाच ओतायची. पाहुण्यांसमोरसुद्धा. म्हणजे सांडू नये.

शेवटचा पास मी एकट्यानं ओढला. कापडाच्या घडीत तार धरायची असते, ती बोटांतून जाताना सगळं सांगते. त्या दिवशी मधेच हात उडाला. तार ताणली गेली की काय, ते मला आवाजावरून कळलं असतं, पण आवाज मला येत नाही. थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. थांबवलं असतं तर सगळ्यांना हात दिसला असता.

काल मालकांना सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, डबे उघडले होते तेव्हा.  भांडार बघणारी कामेयोबाई हातानं खुणावून म्हणाली, "झेंजीसान, जेवून घ्या, गार होतंय." एवढंच.

मी राजीनामा दिला. मालक पंचवीस तारखेला ह्या कामातून माघारीचा कागद पाठवणार आहेत, म्हणजे तिसरा तुकडा तू लावायचीच गरज नाही. हेलियम वाचवा. मार्चमध्ये कुलूप.

मी पहिल्या पत्रात तुझ्या भट्टीवर ढकललं. लाज वाटते. तोमोए असती तर आठ दिवस बोलली नसती माझ्याशी.

झेंजी

•

तोरिदे, १३ डिसेंबर

दाजी, दाजी, थांबा. माघारीचा कागद जाऊ देऊ नका.

तुमचं पत्र वाचून मी रडले, मग हातपाय धुतले आणि परत खोलीत गेले. तुमच्या हातानं तार ताणली असती तर ती कुरकुरली असती. हे तुम्हीच लिहिलं होतं आणि मी तुमच्यावर चिडले होते. दचकलेली तार. म्हणून मी दोन्ही तुकडे नळकांड्यावरून काढायच्या आधी नीट बघितले. पोटाकडचा लेप तडकलाय. दोन्हींचा, सगळ्या वळणांना. तार खाचेतून बाहेर उचलली गेलीय.

तारेतून करंट गेला की चुंबक तिला ढकलतो. करंट एका बाजूनं सोडला तर खाचेत दाबतो, म्हणजे ती घट्ट बसते. उलट सोडला तर बाहेर ओढतो. आम्ही कायम दाबणाऱ्या बाजूनं सोडतो, हे इथलं पहिलं वाक्य आहे, पहिल्या दिवशी शिकवतात.

ऑगस्टमध्ये वीज देणारी जुनी पेटी जाऊन नवी आली. जाड केबली मी जोडल्या. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, एकोणतीस वर्षांच्या सवयीनं. नव्या पेटीवर धन टोक उजवीकडे आहे.

मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगते, कळलंच होतं. नवी पेटी लावून पहिल्यांदा चालवली तेव्हा रेघ वर जायच्या ऐवजी खाली गेली. आणि मी काय केलं? मोजायच्या बारीक तारा अदलाबदल केल्या. रेघ वर गेली. सगळे तसंच करतात हो, दिवसातून दहादा करतात. वहीत माझ्याच अक्षरात आहे, "रेघ उलटी. बारीक तारा बदलल्या." उलटी रेघ ओरडून सांगत होती आणि मी तिचं तोंड फिरवून ठेवलं.

म्हणजे तुमची तार वाईट नाही. जी तार बाहेर ओढली जात असताना एकशे चाळीस पेलते, ती नीट बसली तर किती पेलेल!

ऑगस्टपासून सतरा तुकडे केलेत मी, चार कारखान्यांचे. बरेचसे, तुमच्यासारखे नुसत्या टोकांना नाही तर पूर्ण लांबीभर, डाखून बसवलेले होते, ते हलले नाहीत, पास झाले. पण तुमचे सोडून आणखी दोन नापास झाले. त्यातल्या एका कारखान्यानं तो सगळा लॉट भंगारात काढलाय.

हे मला अकरा तारखेला कळलं. आज तेरा. दोन दिवस मी कुणाला सांगितलेलं नाही. जाड केबली गुपचूप बदलून तिसरा तुकडा लावला तर कुणाला पत्ता लागणार नाही. तुमचं काम होईल, माझंही. असा विचार मी केला. तुम्हाला पहिलं सांगतेय.

हिसाए

•

काझुनो, १८ डिसेंबर

हिसाए,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हात इतका कापला की कागद खाली ठेवून वाचावं लागलं.

तुला काय वाटतं, मी कुक्कुलं बाळ आहे? बहीण गेली, म्हातारा एकटा पडलाय, हात गेला, कान गेले, आता नोकरी गेली, तर चला, आपण दोष आपल्या अंगावर घेऊ, त्याला बरं वाटेल. तोमोए पण हेच करायची. घरात काही फुटलं की, "माझ्याच हातून फुटलं." मी ओळखतो तुम्हा दोघी बहिणींना! गोष्ट छान रचलीस. लेप काय, पेटी काय, वहीतली ओळ काय. माझंच वाक्य उचलून मलाच दिलंस.

दया नको मला. आजवर मी कुणाची घेतली नाही, सदुसष्टाव्या वर्षी घेणार नाही.

आणि समजा तुझं खरं असेल. तर मग हे मला कशाला लिहितेस? मी काय तुमचा साहेब आहे? एका कारखान्यानं तार भंगारात घातली म्हणतेस. तिथेही कुणीतरी ती ओढली असेल. तोही बसला असेल घरी, आपल्या हाताकडे बघत. माझं काम गुपचूप होईल आणि त्याचं? असलं पास मला नकोच.

खरं असेल तर साहेबांना सांग. खोटं असेल तर परत असलं लिहू नकोस. मालकांचा कागद पंचवीसला जाणार तो जाणार.

बर्फ गुडघ्यापर्यंत आलाय. छपरावरचा उतरवला. पाठ गेली.

झेंजी

•

तोरिदे, ११ जानेवारी

दाजी,

यंदा आपल्या घरात दुखवटा, त्यामुळे ना तुम्ही नव्या वर्षाचं कार्ड पाठवलं ना मी. टपालवाला रिकाम्या हातानं दारावरून गेला तेव्हा फार वाईट वाटलं. ताई शंभर कार्डं लिहायची, बोटांना शाई लागलेली.

तुमचं पत्र वीस तारखेला मिळालं. उभ्यानं वाचलं आणि तशीच सुगायासाहेबांकडे गेले. वही उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "हिसाएसान, सतरा?" मी म्हणाले, "सतरा." मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी तुमच्या मालकांना फोन गेला, इतर तिघांनाही गेला. सगळ्या निकालांवर काट मारली. त्या भंगारवाल्या कारखान्याचे साहेब फोनवर इतकं जोरात बोलत होते की मला जिन्यात ऐकू येत होतं. त्यांनी तार ओढणाऱ्या माणसाला दुसऱ्या खात्यात टाकलं होतं, दाजी. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसं. त्याचं नाव मी मागून घेतलंय. त्याला पत्र लिहायला तीन वेळा बसले, आणि तीन वेळा उठले. लिहीन.

तिसरा तुकडा चोवीस तारखेला लागला, टाकीतल्या उरल्यासुरल्या हेलियमवर. मला हात लावायची परवानगी नव्हती. सुगायासाहेबांनी दुसऱ्या माणसाकडून बसवून घेतला, म्हणजे कुणी नात्याचं नाव घेऊ नये. मी भिंतीला टेकून उभी होते. एकशे चाळीस गेलं. एकशे साठ. एकशे नव्वद, तेही गेलं. दोनशे चारला कुरकुर सुरू झाली, आणि हळूहळू वर चढली, अगदी सांगून. दोनशे चार! खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना माहीत होतं ना, की तो आकडा माझी चूक वाजवून सांगतोय.

निकाल मालकांना तेव्हाच कळलाय, तुम्हालाही कळला असेल. पण तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. म्हणजे अजून तुम्हाला वाटतंय की मी साहेबांनासुद्धा पटवलं. म्हणून ही डबी. साहेबांची सही घेऊन पाठवतेय. निळ्या दोऱ्याचा तुकडा पहिला, पांढऱ्या दोऱ्याचा तिसरा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. बोटं लावून बघा. आता ती भाजलेली आहे, वाकवू नका. हे तुम्हाला काय सांगायचं म्हणा.

एप्रिलपासून मी चाचणीच्या खोलीत नसेन. वरच्या मजल्यावर, आलेल्या तुकड्यांना चिठ्ठ्या लावायच्या. काढून टाकलं नाही, हे पुष्कळ आहे. तोवर पंधरा तुकडे परत करायचेत, मी शेजारी उभी राहून सांगायचं आणि दुसऱ्यानं करायचं.

ताई तुमच्या कपात अर्धाच चहा ओतायची, ते मी बघायची. मला वाटायचं, तुमचं काहीतरी बिनसलंय, ती रागावलीय तुमच्यावर. इतकी वर्षं मोजमाप करते आणि हे बघून मला एवढंच समजलं.

फार थकलेय दाजी. झोपले तरी उठताना थकलेलीच असते.

हिसाए

•

काझुनो, २७ जानेवारी

हिसाए,

डबी आली. दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी दिव्याखाली बसलो, आणि डाव्या हातानं बघितली. उजव्याचा भरवसा नाही.

निळा दोरा: वळणं सैल. पोटाकडे लेपाच्या खपल्या, पाठीकडे काही नाही. कुणीतरी आतून बाहेर ढकलल्यासारखी. पांढरा दोरा: एकेक वळण जागच्या जागी. आणि तार दोन्हीकडे तीच. शेवटच्या पासाची. माझा हात उडाला होता ती जागा शोधायला मी नखानं सगळी लांबी चाचपली. काही नाही गं. हात उडाला, पण तारेला पत्ताच लागला नाही.

तोमोएच्या फोटोसमोर ठेवली दोन्ही, आणि मी पण रडलो. तुला सांगायला काय लाजायचं. तुझी माफी मागतो. तू खरं बोललीस आणि मी तुला खोटारडी म्हणालो.

मालकांनी राजीनामा फाडला. काम मिळालं, पहिल्या वर्षाचं नक्की, पुढचं बघून. डॉक्टरकडे जाऊन आलो. हाताचा आजार खरा आहे, तो जायचा नाही. म्हणजे तार चांगली होती आणि हात वाईट आहे, दोन्ही एकदम खरं. आता यंत्र दुसरे चालवतील, मी शेजारी डाव्या हातात कापड धरून उभा राहीन. कामेयोबाई म्हणाली, "झेंजीसान, तुमच्या कापणाऱ्या हातानं दोनशे चार, मग न कापणाऱ्यानं किती गेलं असतं?" सगळे हसले. मी पण हसलो, ऐकू आलं नव्हतं तरी. नंतर तिनं लिहून दाखवलं.

त्या दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाला पत्र लिही. लांबण लावू नकोस. "तुमची तार चांगली होती," एवढं एक वाक्य लिही. मला तेवढंच हवं होतं.

आठ फेब्रुवारीला आपल्याकडे मोडक्या सुया तोफूत खोचतात, तुला आठवत असेल, तुझी आई करायची. जन्मभर टणक कापडातून गेल्या, आता मऊ जागी राहू दे म्हणून. आमच्या कारखान्यात झिजलेल्या डाय आणि तुटलेल्या तारा ठेवतात. यंदा निळ्या दोऱ्याचा तुकडा मी ठेवणार आहे. तुमच्या साहेबांनी हो म्हटलं तर. बिचारीला उलटं ढकललं तरी तिनं एकशे अडतीस पेलले आणि वर नापास झाली.

तू ये. रजा तुझी शिल्लक असेलच, घेतेस कुठे कधी. मोरिओकाहून दुपारची गाडी घे, मी स्टेशनवर असेन. तोमोएची जाड गादी तीन दिवस उन्हात टाकून ठेवतो. किरितानपोचं, भाजलेल्या भाताच्या मुटक्यांचं, कालवण करीन, मीठ तू बघ. मग झोप, दोन दिवस झोप, कुणी उठवणार नाही, मला तर तू घोरलीस तरी ऐकू यायचं नाही.

चहा मी ओतीन, दोन्ही कपांत काठोकाठ. सांडला तर तू पूस.

झेंजी